मदत हवी आहे: जर्मनीतल्या लिलावातला 12 मिमी रुळाचा जुना मॉडेल रेल्वे लॉट घ्यावा का? (एकदा हात पोळलाय)

पूर्णा_यार्ड

राम राम मंडळी. लिलाव रविवारी रात्री साडेबाराला संपतोय, म्हणून जरा घाईत लिहितोय.

आधी थोडं मागचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल ह्याला 12 मिमीचंच येड कामून लागलं. वडील पूर्णेच्या लोको शेडला फायरमन होते. मनमाड-सिकंदराबाद ही निजामाच्या रेल्वेची लाईन तेव्हा मीटरगेज होती. आता सगळं ब्रॉडगेज झालं, शेडचं पहिलं रूप राहिलं नाही. मला माळवदावरच्या खोलीत आठ बाय अडीच फुटाच्या प्लायवर ते जुनं यार्ड उभं करायचंय. वायपी, वायजी इंजिनं, पाणी भरायचा खांब, कोळशाचा ढीग, झालंच तर शेडमागचं लिंबाचं झाड. 1:87 चं माप धरलं, म्हणजे सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान, की एक मीटरचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) साडेअकरा मिमीला येतो, आणि त्याला एचओएम नावाचा 12 मिमीचा रूळ असतो. तो युरोपातला माल. तिथली स्वित्झर्लंडमधली रेतियन रेल्वे मीटरगेज आहे, तिचे वापरलेले डबे घ्यायचे, खालचा चाकांचा सांगाडा (बोगी) ठेवून वरची बॉडी काढायची आणि प्लास्टिक शीटची आपली बॉडी चढवायची, असा बेत आहे.

आता पोळलेला हात. म्हणलं आधी साध्या एचओवर, म्हणजे त्याच 1:87 मापाच्या पण 16.5 मिमीच्या रुळावर, शिकून घेऊ. दिवाळीत लिलावातून मार्कलिन ह्या जर्मन कंपनीचं जुनं वाफेचं मॉडेल इंजिन घेतलं. रुळावर ठेवलं, रेग्युलेटर फिरवला, तर रेग्युलेटरवरचा लाल दिवाच विझला. इंजिन उचललं की दिवा लागतो, ठेवलं की विझतो. येड्यासारखं दहा वेळा करून बघितलं. पोटाखाली एक लांब पत्र्याची पट्टी होती, ती मला तुटून लोंबकळतेय असं वाटलं, म्हणून विकणाऱ्याला कडक मेल टाकला. त्याचं उत्तर एका ओळीचं: हे एसी आहे, यादीत लिहिलं होतं. खरंच लिहिलं होतं. जर्मनमध्ये, एका शब्दात. चूक माझीच.

हा नवा लॉट असा: लाल रंगाचे 7 डबे, एक छोटं शंटिंग इंजिन, 30-35 तुकडे रूळ, एक रेग्युलेटर. शीर्षकात "12 मिमी", वर्णनात "तळघरातून निघालेलं, तपासलेलं नाही". विकणारा ड्रेस्डेनकडचा. बोली 62 युरोवर आहे, पोस्टेज 38. रेग्युलेटरच्या पाटीवर 120 व्होल्ट लिहिल्यासारखं दिसतंय. घ्यावा का? बोली कुठवर न्यावी? आणि कस्टमचं काय होईल?

सोल्डरवाला_नांदेड

दादा, तुमचं मार्कलिन बिघडलेलं नाही. ती पट्टी म्हणजे त्याचा करंट घ्यायचा स्लायडर. मार्कलिनच्या एचओमध्ये (तेच ते यादीतलं "एसी") रुळाच्या मधोमध बारीक ठिपके असतात, एक तार तिथून येते आणि दोन्ही रूळ मिळून दुसरी तार. त्यामुळं डावं-उजवं चाक एकमेकांपासून तोडलेलं नसतं. आपल्या दोन रुळांच्या 12 व्होल्ट डीसीवर ठेवलं की सरळ शॉर्ट. मल्टीमीटर बीपवर ठेवा, दोन टोकं समोरासमोरच्या दोन चाकांना लावा. बीप आला तर ते चाक आपल्या रुळाचं नाही. डब्यांनाही हीच तपासणी करा, नुसता डबासुद्धा शॉर्ट करतो. आणि ते इंजिन मोडीत काढू नका, मार्कलिनवाल्याला विका.

तो 120 व्होल्टचा रेग्युलेटर घरात आणला तरी सॉकेटात घालू नका. आपल्या 230 वर एका मिनिटात धूर. त्याची किंमत शून्य धरा.

इंजिन "तपासलेलं नाही" म्हणजे माझ्या हिशोबात "चालत नाही". पण त्यात बऱ्याचदा जुनं तेल डिंकासारखं घट्ट झालेलं असतं, कार्बन ब्रश झिजलेले असतात, चाकावरची रबरी रिंग कडक होऊन तुटलेली असते. हे सगळं दुरुस्त होतं. दुरुस्त न होणारी गोष्ट एकच, जस्ताच्या ओतकामाला पडलेल्या भेगा. मिश्रणात शिसं गेलेलं असलं की धातू आतून फुगतो, दमट हवेत जास्तच, आणि शेवटी बिस्किटासारखा तुटतो. युद्धाच्या आधीच्या मालात हे फार दिसतं, तुमचा लॉट तितका जुना वाटत नाही. तरी चासीचा खालून फोटो मागाच. चासी केळ्यासारखी वाकलेली दिसली तर सोडून द्या.

रात्रीची_बोली

संभाजीनगरहून. मी सात-आठ वर्षं ह्या लिलावांत आहे, बायकोला आकडा सांगत नाही.

बोलीचं यंत्र असं चालतं: तुम्ही तुमची कमाल रक्कम टाकता, साईट ती लपवून ठेवते आणि दुसऱ्याच्या वर एक पायरी राहील इतकीच वाढवते. म्हणजे जिंकलात तरी दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एक पायरीच जास्त द्याल. म्हणून दर तासाला दोन-दोन युरो वाढवत बसू नका. त्यानं समोरच्यालाही चेव येतो आणि भाव उगं चढतो. "विकले गेलेले" हा फिल्टर लावून तसाच माल गेल्या महिन्यांत कितीला गेला ते बघा, आकडा कागदावर लिहा, शेवटच्या मिनिटात एकदाच टाका आणि झोपा. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का ते मात्र शनिवारीच बघा. मी एकदा जिंकून पैसे भरू शकलो नव्हतो, लाज वाटली.

कस्टम: ड्युटी वस्तूच्या किमतीवर नाही, किंमत, पोस्टेज आणि विमा यांच्या बेरजेवर बसते. म्हणजे तुमचे 38 युरोही हिशोबात आले. खेळण्यांची ड्युटी 2020 च्या बजेटमध्ये 20 वरून 60 टक्के झाली, 2023 ला 70. आणि मोठ्या माणसाचा छंद आहे म्हणून सूट नाही, स्केल मॉडेलही खेळण्यांच्याच शीर्षात येतात. जुन्या मालावर, खेळण्यांच्या आयएसआय मार्कावर वेगळे नियम आहेत, पार्सल अडकू शकतं. विकणाऱ्याला "गिफ्ट लिहून पाठव" असं तर बिलकुल सांगू नका. डिसेंबर 2019 पासून ड्युटी न भरता गिफ्ट म्हणून आयात बंद आहे, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडून. मी स्वतः जाणाऱ्या-येणाऱ्या भाच्याच्या बॅगेवर भरवसा ठेवतो.

लातूरकर_762

काका, सगळे पुढचं बोलतायत, मला मूळ गोष्टीचाच संशय येतोय. 12 मिमी म्हणजे एचओएमच असं कुणी सांगितलं? टीटी नावाच्या दुसऱ्या, बारक्या मापाचा (स्केलचा) रूळही 12 मिमीचाच असतो. ते माप 1:120, आणि गाडी साध्या स्टँडर्ड गेजची, मीटरगेजची नाही. टीटी पूर्व जर्मनीत घरोघरी होतं आणि तुमचा विकणारा ड्रेस्डेनचा, तळघर आवरणारा. लाल डबे बघून तुम्ही स्वित्झर्लंड गाठलं, असं मला वाटतं.

डब्याची लांबी बघू नका, फसवते. रुंदी मोजायला सांगा, स्केलपट्टी आडवी ठेवून फोटो. 30 मिमीच्या आसपास आली तर एचओएम, 24 च्या आसपास आली तर टीटी.

हे मला ठाऊक कामून, तर आमचीही तीच गंमत. बार्शी लाईट रेल्वे अडीच फुटी, 762 मिमी. 1897 ला कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली, 1911 ला लातूरला पोचली. 1:87 ला पावणेनऊ मिमी येतात, म्हणून 9 मिमीचा रूळ लागतो, आणि तो एन स्केलचा, म्हणजे टीटीहूनही बारक्या मापाच्या गाड्यांचा, लागतो की! मी एनची जुनी इंजिनं स्वस्तात घेऊन त्यांच्या चासीवर बार्शीची बॉडी बसवतो. फक्त एनचे स्लीपर बारके आणि दाट असतात, ते काळ्या मातीत पुरून टाकले की कुणाला दिसत नाहीत.

पूर्णा_यार्ड

लातूरकर, पायाचा फोटो पाठवा, नमस्कार करतो.

विकणाऱ्याला लिहिलं. माणूस भला निघाला, सुताराची घडीची पट्टी डब्यावर आडवी ठेवून फोटो पाठवला. 24 मिमी, एक केसभर इकडं-तिकडं. टीटीच. चासी सरळ होती, भेगा नव्हत्या, पण मला त्याचा काय उपयोग.

बोली लावली नाही. तरी रात्री साडेबाराला मोबाईल घेऊन बसलोच. शेवटच्या अर्ध्या मिनिटात 71 वरून 117 युरोवर गेला. वडील पाणी प्यायला उठले होते. त्यांना स्क्रीनवरचं शंटिंग इंजिन दाखवलं. चष्मा लावून बघितलं आणि म्हणले, "ह्याला कोळसा टाकायला जागा कुठाय?" ते डिझेलचं होतं.

मार्कलिनची चाकं मीटरनं तपासली, सोल्डरवाले म्हणले तसा बीप आला. ते विकायचंय, दोन फोटो उद्या टाकतो, पोटाखालचा आधी. आणि कुणाकडं खरा एचओएमचा वापरलेला रूळ पडून असेल, अगदी चार-पाच तुकडे, गंजका चालेल पण वाकडा नको, तर इथंच कळवा. परभणी, नांदेड, संभाजीनगर कुठंही असला तरी मी येऊन घेऊन जाईन. पट्टी माझी मी आणीन.