मदत हवी आहे: ताठर त्वचा, ओळीने पुटकुळ्या, एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडीची तपासणी) निगेटिव्ह. स्क्लेरोडर्मा (त्वचा ताठर करणारा ऑटोइम्यून आजार) नाही तर काय?

त्वचा_ओपीडी
पेशंट बाई, वय ५४. कपाळ, कानामागे, मान, मनगट इथे २-३ मिमीच्या मेणचट पुटकुळ्या, अगदी रांगेत. बोटं पूर्ण मिटत नाहीत. स्क्लेरोडर्मा म्हणून दुसरीकडून आल्या, मेथोट्रेक्सेटने (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) काही फरक नाही. इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं वेगळी करून पाहणं) नॉर्मल, बायोप्सी 'नॉनस्पेसिफिक'. सोमवारी परत बोलावलंय, लवकर सुचवा.

संधिवात_क्लिनिक
रेनॉ (थंडीत बोटं पांढरी-निळी पडणं) आहे का? नखांच्या मुळाशी डर्मोस्कोप लावून केशवाहिन्या पाहिल्यात? टीएसएच (थायरॉइड)? क्रिएटिनिन (मूत्रपिंड)? गॅडोलिनियम देऊन एमआरआय झालाय का? नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस (मूत्रपिंड निकामी असताना गॅडोलिनियममुळे त्वचा ताठर होणं) सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ स्क्लेरोमिक्सिडिमासारखाच (त्वचेत म्युसिन नावाचा जेलीसारखा पदार्थ साठण्याचा आजार) दिसतो.

काचपट्टी
आणि बायोप्सी कुठून घेतली, किती खोल? मला तरी स्क्लेरोमिक्सिडिमाच वाटतोय. म्युसिन साध्या एच अँड ईवर (नेहमीच्या रंगावर) सहज निसटतं. म्युसिन, वाढलेले फायब्रोब्लास्ट (तंतू बनवणाऱ्या पेशी) आणि फायब्रोसिस (तंतू दाटणं), तिन्ही एकत्र शोधावी लागतात.

गोडवा
मधुमेह असेल तर मान आणि पाठ अशी जाड होते, त्याला स्क्लेरेडिमा म्हणतात. साखर आटोक्यात आणा आणि फोटोथेरपी द्या.

त्वचा_ओपीडी
@गोडवा, स्क्लेरेडिमात पुटकुळ्या नसतात. इथे आहेत, वर लिहिलंय.

रक्तपेशी
मी तर थेट आयव्हीआयजी (शिरेतून दिलं जाणारं इम्युनोग्लोब्युलिन) सुरू करेन. महिन्याला किलोमागे २ ग्रॅम, २ ते ५ दिवसांत विभागून. स्क्लेरोमिक्सिडिमात पहिली पसंती तीच आहे.

सीरम_बेंच
निदानाआधी नको! आयव्हीआयजी म्हणजे हजारो दात्यांचं आयजीजी (एक प्रकारची अँटीबॉडी). ते एकदा शिरलं की पेशंटचे स्वतःचे अँटीबॉडीचे आकडे गढूळ होतात. आधी रक्त काढा, मग काय ते द्या.

त्वचा_ओपीडी
रेनॉ नाही, केशवाहिन्या नॉर्मल. टीएसएच २.१, क्रिएटिनिन ०.८, एमआरआय कधीच नाही. बायोप्सीचा पंच ३ मिमी, दंडावरच्या ताठर भागातून, पुटकुळीतून नाही. इलेक्ट्रोफोरेसिसच्या रिपोर्टखाली बारीक अक्षरात टीप आहे: 'ईडीटीए नमुना, बीटा-गॅमात अंधुक पट्टा, फायब्रिनोजेन असावे'.

सीरम_बेंच
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत प्लाझ्मा मिळतो, त्यात फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) असतंच आणि ते नेमकं आलेखातल्या बीटा आणि गॅमा भागांच्या मध्येच पट्टा देतं. म्हणजे त्या पट्ट्याने काहीच सिद्ध होत नाही. लाल टोपीच्या नळीत रक्त घ्या, पूर्ण गोठू द्या, आणि सीरमवर इम्युनोफिक्सेशन (असामान्य अँटीबॉडी ओळखणारी तपासणी) मागा. स्क्लेरोमिक्सिडिमातला पॅराप्रोटीन (एकाच पेशीसमूहाने बनवलेली असामान्य अँटीबॉडी) बहुधा आयजीजी-लॅम्डा असतो आणि गॅमाच्या कॅथोडकडच्या टोकाला बसतो. प्रमाण कमी असलं तर नुसत्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या आलेखात उंचवटा दिसतही नाही. सोबत फ्री लाइट चेन्स (अँटीबॉडीचे सुटे तुकडे) पाठवा.

रक्तपेशी
बोन मॅरोची (अस्थिमज्जेची) तपासणीही लगेच उरकून टाका.

संधिवात_क्लिनिक
उरकून टाकण्यासारखी तपासणी आहे का ती? आधी इम्युनोफिक्सेशन, हिमोग्राम, कॅल्शियम. मायलोमा (अस्थिमज्जेतला कर्करोग) थोड्यांनाच होतो. पट्टा सापडला तर मॅरो हेमॅटॉलॉजिस्टशी बोलून ठरवा.

काचपट्टी
नवा पंच पुटकुळीवरूनच घ्या, किमान ४ मिमी, जमलं तर ६, चरबी दिसेपर्यंत. फॉर्मवर 'स्क्लेरोमिक्सिडिमा? अल्शियन ब्लू करावे' असं स्पष्ट लिहा (हा म्युसिन दाखवणारा रंग, म्हणजे स्टेन). नुसतं 'पुरळ' लिहिलंत तर तो स्टेन कोणी लावत नाही. जुन्या बायोप्सीचा मेणाचा ब्लॉकही मागवा, त्यातून नवे छेद काढून स्टेन करता येईल.

त्वचा_ओपीडी
कपाळावर व्रण नको म्हणतात बाई. मनगटावरून चालेल?

काचपट्टी
चालेल, फक्त ताजी पुटकुळी निवडा.

संधिवात_क्लिनिक
आणि घरच्यांना आजच सांगा: ताप, जीभ अडखळणं, गोंधळल्यासारखं वागणं किंवा झटका, यातलं काहीही झालं तर सोमवारची वाट न पाहता आयसीयू असलेल्या ठिकाणी न्या. या आजारात मेंदूवर परिणाम होऊन पेशंट कोमात जाऊ शकतो. गिळायला त्रास होतो का तेही विचारून घ्या.