रक्तवाहिनीचं मॉडेल म्हणजे खेळणं?

शहापूरकर: काल इथं निपाणीकरांनी टाकलं, "सीटी असताना नसांची थ्रीडी मॉडेलं छापणं म्हणजे बिल फुगवायचं खेळणं." राहवलं नाही. माझ्या बाबांची पोटातली महाधमनी ५.८ सेंमी फुगलेली. पुरुषांत ५.५ झाली की सहसा दुरुस्तीचं बघतात. फुगा थेट किडनीला रक्त नेणाऱ्या फांद्यांपाशी. साधा स्टेंट, म्हणजे आत बसवायची कापडी नळी, घातला तर त्यांची तोंडं झाकणार, म्हणून त्या नळीला नेमकी तिथंच भोकं पाडायची. डॉक्टरांनी सीटीवरून मॉडेल छापलं, नळी आत घालून बघितली, पेनानं खुणा केल्या. एक भोक ठरवलेल्या जागेवरून थोडं फिरवावं लागलं. आता म्हणा खेळणं!

उद्यमबागवाला: आमच्या फाउंड्रीत पॅटर्नशिवाय, म्हणजे नमुन्याशिवाय, कास्टिंग कोण ओततंय? पटलं. पण नस लवते हो. ताठ वायर आत गेली की वाकडी धमनी सरळ होते, भोकाची जागा सरकते. धातू गार होताना आकसतो, ते श्रिंकेज धरून आम्ही पॅटर्न करतो, तुमच्या डॉक्टरांनी काय धरलं?

निपाणीकर: तेच की! शिवाय मॉडेलात बहुतेकदा रक्त वाहतं तेवढीच पोकळी येते. नसेच्या भिंतीला चिकटलेली रक्ताची गुठळी मॉडेलात वेगळी दाखवली नाही तर दिसत नाही. फुगा फुटून पेशंट आला तर प्रिंटरपुढं तासन्‌तास बसणार काय? त्यापेक्षा आमच्या गावात आधी सिगारेट-बिडी सोडवा.

खानापूरची लेक: मॉडेल राहू दे बाजूला. आईच्या ऑपरेशनला संमतीपत्र कन्नड नि इंग्रजीत. तिला मराठीच वाचता येतं. "हितं सही करा", झालं.

निपाणीकर: आला सीमाप्रश्न! २०२३ ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले आरोग्य योजना लागू केली, जावा की कोल्हापूरला.

खानापूरची लेक: पोटात दुखणारं माणूस घेऊन शंभरावर किलोमीटर? काय बोलालाय तुम्ही! १९५६ पासून आम्ही फक्त जावाच ऐकतोय.

उद्यमबागवाला: ताई, ते बरोबर. पण धागा नसांचा आहे.

खानापूरची लेक: नसांचाच आहे. सही कशावर केली ते आईला आजही माहीत नाही.

शहापूरकर: ताई, आमचे डॉक्टरही कन्नडच. बाबांनी मॉडेल हातात घेतलं, फुगवट्यावर बोट ठेवलं, "हितं फुगलंय होय?" डॉक्टरांनी मान हलवली. दुभाषी मी होतो, पण तेवढ्यापुरता नुसता उभा राहिलो.

निपाणीकर: बरं बाबा, पेशंटला समजवायला चालेल. तेवढंच! बिलात किती लावले ते सांगा.

शहापूरकर: वेगळी ओळ नव्हती. मॉडेल टीव्हीशेजारी ठेवलंय, माझ्या पोरानं किडनीची एक फांदी मोडली.

निपाणीकर: मग खेळणंच की!