मांडव्यापासून आंजर्ल्यापर्यंत: ड्रोनने छायाचित्रे घेण्यासाठी किनाऱ्यावर कुठे थांबावे?

दादरचा_प्रवासी

नमस्कार. डिसेंबरात मी, पत्नी आणि माझे वडील असे तिघे गाडीने किनाऱ्याकिनाऱ्याने जाणार आहोत. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, पुढे अलिबाग, रेवदंडा, मुरुड, आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघी आणि मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर असा बेत आहे. वेळ उरला तर बागमांडल्याहून खाडी ओलांडून आंजर्ल्यापर्यंत जाऊ. माझा ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचा असून त्याची नोंदणी झालेली आहे. समुद्राला खेटून जाणारा रस्ता आणि त्यामागचे डोंगर वरून टिपावेत, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे. वडिलांना फार चालवत नाही, त्यामुळे थांबे रस्त्यालगतचे हवेत. मुंबईतच किनारी मार्ग किंवा अटल सेतू टिपता येईल का, हेही जाणकारांनी सांगावे.

नकाशावाचक

आधी शेवटच्या प्रश्नाचे उत्तर: मुंबईत ड्रोन पेटीतच ठेवावा. शहरात विमानतळ, नौदलाचे तळ आणि तुर्भ्याचे अणुसंशोधन केंद्र आहे. शिवाय पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत ड्रोनबंदीचे आदेश वेळोवेळी निघत असतात. अटल सेतूवर तर गाडी थांबवण्यासही मनाई आहे आणि त्याचे पलीकडचे टोक नवी मुंबईच्या नव्या विमानतळाच्या जवळ पडते.

२०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे, सरकारी नकाशावर हिरव्या रंगाने दाखवलेल्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटरपर्यंत, पूर्वपरवानगीशिवाय उडवता येते. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. आपल्या वजनगटाला वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. मात्र डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळावरचा हा नकाशा निघण्याच्या दिवशी पुन्हा पाहावा, कारण क्षेत्रांचे रंग बदलतात. नकाशावर हिरवे दिसले तरी स्थानिक मनाई असू शकते, म्हणून त्या त्या पोलीस ठाण्यात विचारणे उत्तम.

आपल्या वाटेवरचे सर्वांत मोहात पाडणारे विषय म्हणजे अलिबागचा कुलाबा किल्ला आणि मुरुडचा जंजिरा. हे दोन्ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. त्यांच्यावरून लेखी परवानगीशिवाय ड्रोन नेऊ नये. काशीदला लागून फणसाडचे अभयारण्य सुरू होते, तेथेही तेच. म्हणून मुरुडपर्यंतचा प्रवास डोळ्यांनी पाहण्यासाठी ठेवावा आणि ड्रोनचा वेळ दिघीच्या पलीकडे खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

श्रीवर्धनची_लेक

वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. आपण जे चित्र मनात धरले आहे, ते दिवेआगर ते श्रीवर्धन या वीसेक किलोमीटरच्या रस्त्यावरच मिळेल. शेखाडी, आरावी, कोंडिवली ही गावे ओलांडताना एका बाजूला डोंगराची उतरण आणि दुसऱ्या बाजूला काळा खडक व लाटा, यांच्या मधून रस्ता वळणे घेत जातो.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मुंबईकडून येताना समुद्र उजव्या हाताला असतो, त्यामुळे आपली गाडी डोंगराच्या बाजूने चालते; थांबायचे तर रस्ता ओलांडावा लागतो आणि वळणांवर ते धोक्याचे आहे. म्हणून जाताना सरळ श्रीवर्धन गाठावे आणि हा रस्ता परतीच्या वेळी, उत्तरेकडे येताना निवांत करावा. तेव्हा समुद्र डाव्या हाताला येतो आणि गाडी पाण्याच्या बाजूलाच कडेला घेता येते. वडिलांनाही गाडीत बसल्या बसल्या समुद्र दिसेल.

प्रकाशाचे म्हणाल, तर सूर्य डोंगरामागून उगवत असल्याने सकाळी बराच वेळ रस्ता सावलीत असतो. नऊनंतर ऊन पाठीशी येते आणि पाण्याचा खरा रंग उमटतो. संध्याकाळी बहुतेक जण मावळत्या सूर्याकडे कॅमेरा धरतात. आपण ड्रोन थोडा समुद्रावर न्यावा आणि तोंड जमिनीकडे वळवावे. त्या पिवळ्या उन्हात रस्ता, माड आणि डोंगर जसे उजळतात, तसे दिवसात इतर कोणत्याही वेळी दिसत नाहीत.

मात्र गावात शिरून दोन माणसांना सांगितल्याशिवाय उडवू नये, ही कळकळीची विनंती. १९९३ च्या बॉम्बस्फोटांची स्फोटके याच शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला शस्त्रे असलेली बेवारस बोट लागली होती. अनोळखी ड्रोन दिसला की येथील लोक पोलिसांना कळवतात आणि त्यांचे ते बरोबरच आहे. भरडखोलला होड्या आणि मासळीचे वाळवण वरून सुंदर दिसते, पण तेथे बायका कामात असतात. त्यांना विचारूनच चित्रण करावे.

खारे_वारे

हरिहरेश्वरला देवळावरून आणि प्रदक्षिणेच्या वाटेवरच्या माणसांवरून न जाता, दूरच्या मोकळ्या पुळणीवरून उडवावे. तेथील कातळाची लाटांनी कोरलेली जाळी फक्त ओहोटीला दिसते. भरतीची वेळ काढण्याची कोकणातली जुनी रीत कामी येते: पक्षातल्या तिथीला पाऊणने गुणावे. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, तर पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास येते; म्हणजे पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आगेमागे गेल्यास सूर्यास्ताला कातळ उघडा मिळतो.

वाऱ्याकडे विशेष लक्ष द्यावे. दुपारी खारे वारे समुद्रावरून जमिनीकडे वाहतात. ड्रोन जाताना झगडतो, पण परतताना वारा त्याला मदत करतो. पहाटे मतलई वारे उलट दिशेने वाहतात. तेव्हा ड्रोन सहज दूर जातो आणि येताना बॅटरी झपाट्याने उतरते. सकाळी शांत वाटते म्हणून लोक लांब जातात आणि हलके ड्रोन गमावतात. सकाळच्या उड्डाणात निम्म्याहून बरीच अधिक बॅटरी शिल्लक असतानाच मागे फिरावे.

गाडीच्या टपावरून उडवू नये, पोलादामुळे होकायंत्र बिघडते. वाळूवर चटई अंथरावी. रेतीचा एक कण मोटारीत गेला तरी पुरे.

आंजर्ल्याला जमल्यास अवश्य जावे. आडे-पाडल्याकडून येणारा रस्ता समुद्राला अगदी बिलगून आहे आणि बाकीच्या वाटेपेक्षा वर्दळही कमी असते. कड्यावरच्या गणपतीच्या डोंगरावरून सुवर्णदुर्ग दिसतो. हा किल्ला जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आला आहे, तेव्हा त्याचे चित्र डोंगरावरून साध्या कॅमेऱ्यानेच घ्यावे. हर्णैच्या बंदरात हिवाळ्यात कुरवांचे प्रचंड थवे उतरतात, तेथे ड्रोन काढूच नये. समुद्री गरुड किंवा घार भोवती घिरट्या घालू लागली, तर जवळ घरटे आहे असे समजून तत्काळ खाली घ्यावा.

दादरचा_प्रवासी

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. शेखाडीचा रस्ता परतीला ठेवतो आणि दिनदर्शिका पाहून अमावास्येच्या आगेमागे निघतो. एकच शंका: या रस्त्यावर वडिलांना बसता येईल अशी सावलीची जागा कुठे मिळेल?

श्रीवर्धनची_लेक

रस्त्यावर सावली फारशी नाही. दिवेआगरच्या सुरूच्या बनात त्यांना बसवावे, तेथे खाण्यापिण्याचीही सोय होते. पण ड्रोन बनाबाहेर, उघड्या पुळणीवरूनच उडवावा. सुरूच्या बारीक फांद्या पडद्यावर दिसत नाहीत.