टेक्स्चर भरपूर, पण सगळी भांडी एका हातची वाटत नाहीत. दिशा कशी ठरवायची?

ओलीमाती: स्टोनवेअर मातीत (चढ्या तापमानाला भाजून घट्ट होणारी माती) स्लॅबचं, म्हणजे लाटलेल्या मातीच्या पोळीचं, काम चालू आहे. लेस, काथ्या, पानं, ब्लॉक प्रिंटिंगचे ठसे, सगळं वापरून झालं. एकेक मग सुटा बरा दिसतो, पण दहा शेजारी मांडले की दहा जणांनी केल्यासारखे वाटतात. त्यात पांढरं मॅट ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, इथे बिनचकाकीचा) चढवलं की निम्मं टेक्स्चर बुजतं. इलेक्ट्रिक भट्टी, १२२० अंश. सुरुवात कुठून करू?

भट्टीशेजारी: ग्लेझचं आधी, कारण ते सोपं आहे. अपारदर्शक मॅट जाड बसतं आणि वाहत नाही, म्हणून खाचा भरून जातात. पारदर्शक, किंचित वाहणारं ग्लेझ घ्या आणि त्यात २ ते ४ टक्के रेड आयर्न ऑक्साइड घाला. कडांवर पातळ होऊन फिकं राहतं, खाचेत साचून गडद होतं. किंवा बाहेरून ग्लेझच नको. आयर्न ऑक्साइड आणि फ्रिट (दळलेली काच) समप्रमाणात पाण्यात कालवून बिस्कवर (एकदा भाजलेल्या, बिनग्लेझच्या भांड्यावर) लावा आणि ओल्या स्पंजाने पुसून घ्या. फ्रिट वगळलं तर भाजल्यावरही बोटाला लाल पूड लागते. मगाच्या आत आणि ओठाला मात्र गुळगुळीत ग्लेझच हवं.

थापटणं: साधनं कमी करा, दिशा आपोआप दिसायला लागेल. एकच घ्या, समजा काथ्याची दोरी. १२ सेंमी चौरस, ८ मिमी जाड अशा डझनभर फरशा लाटा. दोरी तीच ठेवून दाब, अंतर, कोन आणि मुख्य म्हणजे मातीची ओल बदलत जा. ताज्या मातीत ठशाच्या कडा फुगून वर येतात, लेदर-हार्डच्या (अर्धवट वाळून माती चामड्यासारखी घट्ट होते ती अवस्था) थोडं आधी ठसा स्वच्छ उठतो, त्यानंतर दाबलं तर तळाशी बारीक भेगा पडतात. प्रत्येक फरशीच्या मागे नंबर आणि १० सेंमीची रेघ कोरा. स्टोनवेअर साधारण १० ते १२ टक्के आकसतं, म्हणजे नाजूक नक्षी आणखी नाजूक होणार. मग त्यातल्या दोनच फरशा निवडा आणि पुढची सगळी भांडी त्यांच्यावरच करा. बाकीच्या कितीही देखण्या असल्या तरी बाजूला.

ओलीमाती: फरशीवर ठीक येतं, पण स्लॅब गुंडाळला की खाचेतच फाटतो.

थापटणं: गुंडाळताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि सगळा ताण खाचेच्या तळाशी येतो. उभ्या खाचा सगळ्यात आधी उघडतात. त्या आडव्या किंवा तिरप्या घ्या, खोली जाडीच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवा. त्याहून बरं म्हणजे आधी भांडं उभं करा, लेदर-हार्ड व्हायच्या आत आतून दगडाचा आधार द्या आणि दोरी गुंडाळलेल्या फळीने बाहेरून थापटा. भिंत घट्ट होते आणि ठसाही त्याच कामात उमटतो. असं टेक्स्चर वरून चिकटवल्यासारखं दिसत नाही. स्लॅबच्या सांध्यावर ठसा विस्कटतोच. तो लपवत बसू नका, तिथे मातीची पट्टी चढवून बोटांनी दाबा. पुणे जिल्ह्यात इनामगावला उत्खननात सापडलेल्या ताम्रपाषाणयुगीन जाड रांजणांवर अशा पट्ट्या आहेत.

भट्टीशेजारी: पट्टीची कल्पना चांगली, पण पट्टी आणि भिंत सारख्याच ओलीची हवी. ओली पट्टी लेदर-हार्ड भिंतीवर लावली की ती जास्त आकसते आणि वाळताना सुटते. दोन्हीकडे ओरखडे काढून त्याच मातीची स्लिप (पाण्यात कालवलेली पातळ माती) लावा, पट्टी मधून बाहेर दाबत न्या म्हणजे हवा अडकत नाही. नंतर दोन दिवस प्लास्टिकखाली. पंख्याखाली मुळीच नको.

ओलीमाती: लाकडी ठसा मातीला चिकटतो, त्याला काय?

थापटणं: ठशाला कॉर्नफ्लोअरचा हलका हात द्या. भट्टीत जळून जातं.