शब्दचर्चा : रनिंग बॅक, फुलबॅक आणि ‘धावा’

रेघपाटी : अमेरिकन फुटबॉलच्या जुन्या खेळाडूंवरच्या एका मजकुरात हे वाक्य आहे : ‘क्लीव्हलंड ब्राउन्सचा बचावपटू जिम ब्राउन याने १९५७ ते १९६५ या नऊ हंगामांत १२,३१२ धावा काढल्या.’ मुळात शब्द होते फुलबॅक आणि रशिंग यार्ड. दोन्हीकडे खटकतंय. काय लिहावं?

आडवी ओळ : ‘बचावपटू’ आधी काढा. सॉकर-हॉकीमुळे आपल्याकडे फुलबॅक म्हटलं की गोलीच्या पुढ्यातला माणूस डोळ्यांसमोर येतो. इथे ‘बॅक’ म्हणजे आघाडीच्या फळीमागे उभा राहणारा, पण आक्रमणातलाच. क्वार्टर, हाफ, फुल ही फळीपासूनच्या अंतराची मापं. क्वार्टरबॅक सगळ्यांत जवळ, फुलबॅक सगळ्यांत मागे. पुढे आय फॉर्मेशन रुळलं तेव्हा फुलबॅक मध्ये आला आणि टेलबॅक त्याच्याही मागे, फळीपासून साधारण सात यार्डांवर गेला. जागा बदलली, नाव तेच राहिलं. रनिंग बॅक हे हाफबॅक, टेलबॅक, फुलबॅक या सगळ्यांचं सामाईक नाव. मराठीत ‘रनिंग बॅक’च ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे ‘चेंडू घेऊन धावणारा’ एवढं जोडा.

खडूफळा : ‘धावा’ तर अजिबात नको. धाव कधी वजा होत नाही, यार्ड होतात. मोजणी चेंडू जिथे ठेवलेला असतो त्या रेषेपासून सुरू होते. रनिंग बॅकच्या हातात चेंडू रेषेच्या चार-पाच यार्ड मागे पडतो, ते अंतर हिशेबात नाही. म्हणजे तो आठ यार्ड पळाला तरी खात्यावर तीनच. रेषेच्या दोन यार्ड मागे त्याला पाडलं तर उणे दोन. म्हणून ‘धावलेले यार्ड’सुद्धा चूक. ‘धावून कमावलेले यार्ड’ लिहा, उलट बाजूला ‘गमावलेले’ आपसूक मिळतं. डेट्रॉइटच्या बॅरी सँडर्सबद्दल लिहिताना ही जोडी हवीच. मोकळी वाट शोधत तो मागे-आडवा पळायचा, बरेचदा रेषेमागेच सापडायचा, आणि ते सगळं वजा होऊन १९८९ ते १९९८ मध्ये त्याचे १५,२६९ यार्ड उरतात.

रेघपाटी : मग ‘कॅरी’ला काय? ओ. जे. सिम्पसन, १९७३, बफेलो बिल्स : ३३२ कॅरी, २,००३ यार्ड.

खडूफळा : ‘खेप’. चेंडू उचलला, नेला, पाडलं, खेप संपली. दर खेपेला सहा यार्ड.

आडवी ओळ : खेप म्हटलं की पाण्याचा हंडा आठवतो. शिवाय खेपेत माल पोचतो, इथे वाटेतच आडवा होतो. मला ‘३३२ वेळा चेंडू घेऊन’ बरं वाटतं. तक्त्यात जागा नसेल तर सरळ ‘कॅरी’.

खडूफळा : तक्त्यात ‘कॅरी’ चालेल. वर्णनात मात्र मी खेपच लिहीन. सुपर बोल ८ या अंतिम सामन्यात मायामीच्या लॅरी झाँकाने ३३ खेपांत १४५ यार्ड काढले. ‘३३ वेळा चेंडू घेऊन’ असं दोनदा आलं की वाक्य लंगडतं.

पाचवी रांग : धावण्याच्या तऱ्हांसाठी आपल्याकडे शब्द पडून आहेत, ते वापरा. झाँका किंवा ह्यूस्टनचा अर्ल कॅम्पबेल मुसंडी मारतात. गेल सेयर्स हूल देतो. स्वीप, म्हणजे फळीच्या टोकाबाहेरून पळणं, याला वळसा. लाइनमननी (आघाडीच्या फळीतल्यांनी) समोरच्यांना रेटून केलेल्या जागेला ‘छिद्र’ म्हणू नका, खिंडार म्हणा.

‘वळसा’ लिहिताना कोण काय करतो ते सांगायला हवं, नाहीतर एकटाच गोल पळाला असं वाटतं. प्रशिक्षक लोम्बार्डींच्या ग्रीन बे पॅकर्सचा उजवीकडचा स्वीप घ्या. चेंडू सुटताच सेंटरच्या दोन बाजूंचे दोन्ही गार्ड, जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन, फळीतली जागा सोडून उजवीकडे धावत सुटतात. फळीच्या मधोमधचा सेंटर गार्डच्या रिकाम्या जागेतून घुसणाऱ्याला अडवतो. फुलबॅक जिम टेलर डिफेन्सिव्ह एंडवर, म्हणजे समोरच्या फळीच्या टोकाला असलेल्यावर, जातो. टाइट एंड (आपल्या फळीच्या टोकाचा) लाइनबॅकरला, म्हणजे समोरच्या फळीमागच्या बचावपटूला, तो ज्या बाजूला झुकेल त्याच बाजूला, रेटत नेतो. हाफबॅक पॉल हॉर्नुंग गार्डांच्या पाठोपाठ येतो आणि टाइट एंडकडे पाहतो : लाइनबॅकर बाहेर गेला तर आतून, आत आला तर बाहेरून. बिघडतं ते दोन ठिकाणी. सेंटरला उशीर झाला तर हाफबॅक मागून पकडला जातो. आणि हाफबॅकलाच घाई झाली, गार्डांना मागे टाकलं, की पुढे अडवायला आपलं कुणीच नाही.

यात ‘टॅकल’ टाळलाय, कारण त्याचे दोन अर्थ आहेत : फळीतली एक जागा आणि पाडण्याची क्रिया. जागेला ‘टॅकल’ ठेवा, क्रियेला ‘पाडणे’. ‘टॅकलने टॅकल केला’ असलं वाक्य छापून आलं की वाचक पान उलटतो.

आडवी ओळ : ‘हंगाम’ शब्द ठीक आहे, पण शेजारी सामन्यांची संख्या हवी. एनएफएलचा (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा) हंगाम १९४७ ते १९६० मध्ये १२ सामन्यांचा, १९६१ पासून १४, १९७८ ते २०२० मध्ये १६. सिम्पसनचे २,००३ यार्ड १४ सामन्यांतले, एरिक डिकरसनचे १९८४ चे २,१०५ यार्ड १६ सामन्यांतले. सरासरी सामन्यामागे १४३ आणि १३२. नुसतं ‘विक्रम मोडला’ लिहिलं तर खरं असून अर्धवट. ब्राउनसाठी तर सरासरीच सांगा : ११८ सामने, सामन्यामागे १०४ यार्ड, नऊपैकी आठ हंगामांत लीगमध्ये पहिला.

रेघपाटी : वाक्य असं केलं : ‘क्लीव्हलंड ब्राउन्सचा फुलबॅक जिम ब्राउन याने नऊ हंगामांतल्या ११८ सामन्यांत धावून १२,३१२ यार्ड कमावले.’ पुढचं वाक्य आहे : ‘शिकागो बेअर्सच्या गेल सेयर्सने १९६५ मध्ये धावून २२ टचडाऊन केले.’ (टचडाऊन म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार नेणं.) हे तरी बरोबर?

पाचवी रांग : इथे ‘धावून’ काढा. २२ पैकी धावून १४, पास झेलून ६, एक पंट परतवून आणि एक किकऑफ परतवून, म्हणजे समोरच्यांनी लाथेने मारलेला चेंडू घेऊन परत धावत. त्याच वर्षी १२ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध चिखलात त्याने सहा केले, त्यातलेही धावून चारच. ‘सेयर्सने २२ टचडाऊन केले’ एवढंच ठेवा.