पांडवलेणी: एकच दाता ब्राह्मणांनाही देतो आणि भिक्षूंनाही, हे मुलांना कसं दाखवावं?

गोदाकाठ (धागा)

नाशिकच्या पांडवलेण्यांवर कॉलेजच्या मुलांसाठी दोन तासांची फेरी आखते आहे. चोवीस लेण्यांमधून धावत जाण्यापेक्षा क्र. ३ आणि क्र. १० एवढ्यांवरच थांबायचा विचार आहे. अडचण अशी की क्र. १० मधला उषवदात गोदानं, ब्राह्मणभोजनं असं सगळं अभिमानाने सांगतो आणि त्याच लेखात बौद्ध भिक्षूंसाठी लेणं खोदल्याचंही सांगतो. क्र. ३ मध्ये सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीला ‘एकबम्हण’ (एकमेव ब्राह्मण) म्हटलंय, आणि भिंत मात्र भिक्षूंना दिलेल्या लेण्याची. मुलं विचारणारच, हे लोक हिंदू की बौद्ध? नेमक्या कोणत्या ओळींवर बोट ठेवून उत्तर द्यावं? आणि अक्षरं नुसत्या डोळ्यांनी दिसतात का?

कार्षापण

‘हिंदू की बौद्ध’ या प्रश्नापासून सुरुवात करू नका. हे लेख म्हणजे दानाचे दस्तऐवज आहेत. सातबारा वाचतो तसे वाचायचे: देणारा कोण, घेणारा कोण, काय दिलं, ते कुठून आलं, अट कोणती. एवढं फळ्यावर लिहून घ्या आणि मुलांनाच भरू द्या.

क्र. १० च्या व्हरांड्यात मागच्या भिंतीवर, छताखाली, उषवदाताचा मोठा लेख आहे. हा शक क्षत्रप (प्रांताधिपती) नहपानाचा जावई. लेखाचा पहिला भाग जवळजवळ संस्कृतात: तीन लाख गायींचं दान, देव-ब्राह्मणांना सोळा गावं, वर्षाला लाख ब्राह्मणांना भोजन, भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे धर्मशाळा, तापी, दमण, डहाणूका वगैरे नद्यांवर फुकट नावा. मग गोवर्धनातल्या त्रिरश्मी डोंगरात, म्हणजे इथेच, लेणं आणि पाण्याच्या पोढी खोदल्याचा उल्लेख येतो. पुढे भाषा प्राकृताकडे झुकते आणि ‘माझ्या लेण्यात राहणाऱ्या’ असा प्रथमपुरुषही येतो. आकडे अर्थातच प्रशस्तीतले आहेत, लाख पानं खरंच उठली का यावर वेळ घालवू नका.

खरी ओळ शेवटाकडे आहे. उषवदाताने वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांना (त्या काळची नाणी) शेत विकत घेतलं आणि त्याचं उत्पन्न लेण्यातल्या भिक्षूंच्या जेवणासाठी लावून दिलं. विकणारा ब्राह्मण, घेणारा शक, खाणारे बौद्ध भिक्षू. मुलांच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर त्या डोंगरावर नाही.

दुसरा लेख त्याच व्हरांड्यात डाव्या टोकाला आहे, वर्ष ४२ चा. ३००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धनच्या दोन विणकर श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ठेवली: एकीकडे २००० शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे १००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीतून वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे भिक्षूच्या वस्त्रासाठी. व्याजाचा दर महिन्याचा की वर्षाचा, ते मुलांना गणित करून काढू द्या. महिन्याला शेकडा एक धरलं तर २००० वर दरमहा २०, वर्षाला २४०, आणि वीस गुणिले बारा बरोबर २४०. वार्षिक धरलं तर फक्त २० येतात आणि सगळं कोसळतं. दुसऱ्या हजाराचे वर्षाला ९० होतात, ते ‘कुशणमूल’ म्हणून. त्या शब्दाच्या अर्थावर अभ्यासकांत एकमत नाही, तिथे अडकू नका. ही ठेव निगमसभेत (नगराच्या सभेत) वाचून दाखवली आणि फलकावर नोंदली, हेही लेखात आहे. ते आवर्जून सांगा.

शिळावाचक

वरच्याला पुरवणी, क्र. ३ साठी.

गौतमीपुत्राचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षीचा लेख गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिच्या नावाने आहे. त्यात मुलाची तुलना राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्याशी, चातुर्वर्ण्याचा संकर थांबवल्याची स्तुती आणि क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या वंशाचा, निःपात केल्याची फुशारकी. आणि लेणं दिलंय भदावनीय या बौद्ध पंथाच्या भिक्षूंना. ‘एकबम्हण’ या एका शब्दावरून राजाच्या मनातलं सगळं धोरण काढायचा मोह आवरा. दान कोणाला गेलं ते शेजारीच कोरलंय.

त्याच व्हरांड्यातले गौतमीपुत्राचे दोन छोटे लेख मला जास्त मोलाचे वाटतात. १८ व्या वर्षी, बेनाकटकच्या विजयी छावणीतून, तो २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना देतो. ते शेत आधी उषवदाताच्या ताब्यातलं होतं, असं आज्ञेतच लिहिलंय. सवलतीही मोजल्या आहेत: सैनिकांनी शिरायचं नाही, अधिकाऱ्यांनी हात लावायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही. सत्ता बदलली, शेत नव्या राजाकडे गेलं आणि तिथून पुन्हा भिक्षूंकडेच आलं.

मग २४ व्या वर्षीचा लेख वाचा. आधी दिलेलं शेत कसलं जात नाही, गावही ओस आहे, म्हणून नगराच्या शिवेतलं १०० निवर्तनांचं दुसरं शेत द्या, अशी आज्ञा. दगडावर कोरलेलं दानसुद्धा कसणारं माणूस नसेल तर वांझ राहतं, आणि भिक्षूंनी ते दरबारापर्यंत पोचवलेलं दिसतं.

सत्तांतराला जोड हवी असेल तर जोगलटेंभीचा साठा सांगा. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी मिळाली, त्यातल्या दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला शिक्का पुन्हा मारलेला आहे. लेखातला दावा आणि चांदी इथे जुळतात.

गोदाकाठ

अश्विभूतीची ओळ आणि २४० चं गणित दोन्ही घेते. अक्षरं दाखवण्याचं काय?

ठसेकर

डोळ्यांनी दिसतात, पण उजेड सरळ पडला की सपाट होतात. टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर धरा, एका बाजूने. खाचेत सावली पडली की रेघ उठते. फोटो दोन काढा, एक डावीकडच्या उजेडात, एक उजवीकडच्या. दोन्हींत दिसते ती रेघ छिन्नीची असण्याचा संभव जास्त. एकाच फोटोत दिसली तर आधी तडा किंवा पोपडा समजा. अनुस्वाराचा ठिपका आणि बेसॉल्टमधलं बारीक भोक यांत सगळ्यात जास्त गफलत होते.

अंक शोधायला सांगा, मुलांना त्यात पटकन यश येतं. स्थानमूल्य नाही, शून्यही नाही. ४२ म्हणजे चाळीसचं चिन्ह आणि पुढे दोन आडव्या रेघा. हजाराच्या चिन्हालाच जोड देऊन २०००, ४००० लिहितात. बरेचदा संख्या शब्दांतही लिहिलेली असते, त्यामुळे पडताळा तिथेच मिळतो.

लेखाचा कागदावर शाईने ठसा स्वतः काढू नका. संरक्षित स्मारक आहे, पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. पद्धत तोंडी सांगता येईल: दगड मऊ ब्रशने साफ करायचा, ओला कागद चिकटवून ब्रशने ठोकून खाचांत बसवायचा, किंचित ओलसर असतानाच बोळ्याने शाई टिपायची, सुकला की सोडवायचा. कागद जास्त ओला राहिला तर शाई खाचेत उतरते आणि अक्षर बुजतं. घाईने ओढला तर कडांवर फाटतो. खडू, पावडर, पाणी मारून अक्षरं उठवणं तर अजिबात नको. त्याने कण सुटतात आणि पुढच्याला वाचायला कमी उरतं.

जाता जाता क्र. ३ आणि १० च्या आतल्या मागच्या भिंती एकामागून एक बघा. क्र. ३ मध्ये कोरीव स्तूप तसाच आहे, क्र. १० मध्ये त्याच जागी नंतर भैरवाची मूर्ती घडवलेली आहे. तिचा काळ उषवदाताच्या लेखांशी जोडू नका.