लिंकरच्या 'रिलॅक्सेशन'ला मराठीत काय म्हणायचं?

रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर आर्किटेक्चरच्या लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडून पत्ते लावणारा प्रोग्रॅम) टेस्ट्सवर टिपण लिहितोय आणि 'रिलॅक्सेशन'पाशी अडलोय. शिथिलीकरण लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी सैल पडलं. होतं उलटंच. फंक्शन किती लांब पडेल हे कंपायलरला माहीत नसतं म्हणून तो ऑयिपीसी (AUIPC) आणि जेएएलआर (JALR) अशा दोन इन्स्ट्रक्शन मिळून ८ बाइट टाकून ठेवतो, मग लिंकर पत्ते लावतो आणि फंक्शन आगेमागे १ एमबीच्या आत सापडलं की ४ बाइटची एकच जेएएल (JAL, थेट उडीची इन्स्ट्रक्शन) बसवतो. म्हणजे कोड आक्रसला ना? मग 'आक्रसणे' कसं वाटतं?

— शब्द आवडला, पण सगळीकडे चालणार नाही. ६४-बिट आर्मवर पत्ता काढणाऱ्या एडीआरपी आणि अ‍ॅडच्या जागी नॉप (काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन) आणि एडीआर येतात, बाइट तेवढेच. तिथे काय आक्रसलं? आणि ग्नू असेंबलर तर आधी आखूड जंप धरतो, पोचत नसेल तर लांब करतो, त्यालाही रिलॅक्सेशनच म्हणतात.

— शिथिल काय होतंय ते बघा. इन्स्ट्रक्शन नाही, 'पत्ता कुठेही असू शकतो' ही सावधगिरी. रिस्क-फाइव्हमध्ये मूळ रिलोकेशनच्या (लिंकरने इथे पत्ता भरायचा, ही नोंद) जोडीला, त्याच ऑफसेटवर, रिलॅक्सची वेगळी खूण असते आणि ती नसेल तर लिंकरने तिथे हात लावायचा नाही. याला आपला सरळ शब्द आहे, मुभा. सुरुवातीच्या कोडमध्ये जीपी (ग्लोबल पॉइंटर) रजिस्टर भरणाऱ्या ओळीला तर मुभा मुद्दाम नाकारावी लागते, नाहीतर लिंकर तोच पत्ता जीपीच्या आधाराने काढतो आणि जीपीत जीपीच भरला जातो!

— वा, मुभा एकदम पटलं. खुणेला मुभा, बाइट खरंच कमी झाले तरच आक्रसणे, आणि प्रक्रियेचं नाव रिलॅक्सेशनच ठेवतो. रेंजला पल्ला. कोड आक्रसला की मधलं अंतरही बदलतं, त्यामुळे काठावरच्या टेस्टमध्ये लक्ष्याचा पत्ता लिंकर स्क्रिप्टमध्ये पक्का करावा लागतो, तेही लिहिणार आहे. आता टिपणातलं वाक्य असं झालंय: 'मुभा आहे पण पल्ला पुरत नाही, किंवा पल्ला पुरतो पण मुभा नाही, दोन्ही वेळा ऑयिपीसी-जेएएलआर जोडी जशीच्या तशी दिसली तरच टेस्ट पास.'